सुई, संसार आणि संतपद : आलांसोंची संत झेली मार्टिन



बाळ येशूची संत तेरेजा हे नाव ठाऊक नाही असे कॅथलिक घर आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही. क्रूस आणि गुलाबाची फुले उराशी धरलेली तिची प्रतिमा आपल्या कित्येक चर्चमध्ये आणि घरांतील अल्तारांवर विराजमान आहे. परंतु या संत मुलीला जन्म देणारी माता कोण होती, तिचा दिवस कसा उगवत असे आणि कसा मावळत असे, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

ती माता एका हस्तव्यवसायाची मालकीण होती. फ्रान्समधील आलांसों या गावात ती सुईने लेस विणीत असे, इतर स्त्रियांकडून विणवून घेत असे, गिऱ्हाइकांची मागणी मुदतीत पुरी करीत असे आणि हे सर्व चालू असतानाच तिने नऊ अपत्यांना जन्म दिला. तिचे नाव झेली मार्टिन. दि. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी तिला व तिचे पती लुई ह्यांना एकाच वेळी संतपद बहाल केले.

आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी माता पहाटे डबे भरून लोकल गाठतात, तर कितीतरी जणी घरीच शिवणयंत्रावर बसून रात्री उशिरापर्यंत काम करतात. कामावर असताना त्यांचे मन घरी असते आणि घरी असताना कामात. अशा दुभंगलेल्या दिवसात प्रार्थना कोठे बसवावी, मुलांकडे आपले दुर्लक्ष तर होत नाही ना, ही टोचणी त्यांच्या मनाला सतत लागलेली असते. संत झेलीच्याही मनाला ती लागली होती. म्हणूनच तिचे चरित्र आम्ही येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

नाकारलेले पाचारण

झेलीचा जन्म दि. २३ डिसेंबर १८३१ रोजी नॉर्मंडी प्रांतात, आलांसोंपासून जवळच असलेल्या गाँदलँ या गावी झाला. तिचे पाळण्यातील पूर्ण नाव आझेली-मारी गेरँ. वडील इसिदोर गेरँ हे नेपोलियनच्या सैन्यात लढलेले शिपाई होते व पुढे पोलीस दलात नोकरीस होते. घरात श्रद्धा होती, शिस्त होती. परंतु मायेचा ओलावा कमी होता. आई स्वभावाने कठोर. आपले बालपण दुःखात गेले आणि खेळायला आपल्याला एक साधी बाहुलीदेखील कधी मिळाली नाही, ही खंत झेलीने प्रौढपणी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखविली आहे. पुढे स्वतःच्या मुलींवर तिने जी माया उधळली, तिचे मूळ बहुधा या उणिवेत असावे.

१८४४ साली वडील निवृत्त झाले आणि कुटुंब आलांसों गावातील सँ-ब्लेझ रस्त्यावरील घरात राहावयास आले. झेलीचे शिक्षण धर्मभगिनींच्या शाळेत झाले. तिला व तिच्या थोरल्या बहिणीला व्रतस्थ जीवनाची ओढ होती. संत विन्सेंट दी पॉल ह्यांच्या भगिनींमध्ये प्रवेश घेऊन रुग्णांची सेवा करावी, असे झेलीने मनाशी ठरविले. परंतु तेथील मठाधिकारिणीने तिला प्रवेश नाकारला. देवाची इच्छा वेगळी आहे, एवढेच तिला सांगण्यात आले.

दार बंद झाले तेव्हा झेली विशीच्या आतबाहेर होती. घरची परिस्थिती बेताची असल्याने पोटापाण्याचा प्रश्न तिच्यापुढे उभा होता. तिने देवमातेकडे मार्गदर्शन मागितले. दि. ८ डिसेंबर १८५१ रोजी, अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशी, आलांसोंची लेस विणण्याचा व्यवसाय करावा, अशी स्पष्ट प्रेरणा तिला अंतःकरणात झाली. धर्मभगिनी होण्याची विनंती नाकारली गेली होती आणि आता हातात सुई घेण्याचा आदेश मिळाला होता. दोन्ही गोष्टी देवाकडूनच आल्या असे तिने मानले.

आलांसोंची लेस

या लेसविषयी थोडी माहिती देणे आम्हांस आवश्यक वाटते; त्याशिवाय झेलीच्या श्रमांची कल्पना येणार नाही. चौदाव्या लुई राजाचा मंत्री कोल्बेर ह्याने १६६५ साली फ्रान्समध्ये लेसचे राजाश्रित कारखाने सुरू केले व आलांसों हे त्यांतील एक प्रमुख केंद्र बनले. ही लेस यंत्रावर वा दोन सळयांवर विणली जात नाही. ती केवळ सुईदोऱ्याने घडविली जाते. प्रथम नक्षी चर्मपत्रावर उतरवून तिच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडतात. त्या छिद्रांवरून धाग्याची बाह्यरेखा घालतात. मग रेषांच्या मधल्या जागेत हवेत तरंगावी अशी नाजूक जाळी टाक्याटाक्याने भरतात, फुलापानांच्या कडा काजाच्या टाक्यांनी उठावदार करतात आणि शेवटी लेस चर्मपत्रापासून अलगद सोडवून घेतात. एक चौरस सेंटिमीटर लेस तयार व्हावयास सुमारे सात तास लागतात आणि कारागीर पूर्ण तयार होण्यास सात ते दहा वर्षे लागतात. २०१० साली युनेस्कोने या कलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

मोठी लेस एका हातून पुरी होत नसे. तिचे लहान लहान तुकडे निरनिराळ्या स्त्रिया आपापल्या घरी बसून तयार करीत. ते सर्व तुकडे एकमेकांना असे जोडावे लागत की सांधा कोठे आहे हे पाहणाऱ्यास कळू नये. हे जोडकाम सर्वांत अवघड. झेलीने ते स्वतःकडे ठेवले होते.

आलांसों येथील लेसशाळेत शिक्षण घेऊन १८५३ सालाच्या अखेरीस, वयाच्या बाविसाव्या वर्षी, झेलीने आपल्या बहिणीच्या साहाय्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्या काळी एका अविवाहित तरुणीने स्वतःच्या नावावर धंदा उभारावा, कारागीर नेमावेत, गिऱ्हाइके मिळवावीत, ही सामान्य गोष्ट नव्हती. तिला कामाची हौस होती, गुणवत्तेचा अभिमान होता आणि आपल्या हातची वस्तू उत्तमच असली पाहिजे असा तिचा आग्रह होता. सांसारिक स्त्रीची व्यवसायातील ही आकांक्षा ख्रिस्तसभेने तिच्या जीवनातून वगळलेली नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

पुलावरील भेट आणि विवाह

दि. ७ एप्रिल १८५८ रोजी झेलीच्या थोरल्या बहिणीने ल माँ शहरातील व्हिजिटेशन मठात प्रवेश केला. जिवाभावाची सोबतीण दुरावली. त्याच महिन्यात आलांसोंमधील सँ-लेओनार पुलावरून जात असताना झेलीला एक गंभीर, देखणा तरुण समोरून येताना दिसला. हाच तुझा जोडीदार, असा आतला आवाज तिला आला. तो तरुण म्हणजे गावातील घड्याळजी लुई मार्टिन.

लुईचा जन्म १८२३ साली बोर्दो येथे झाला होता. त्यालाही तरुणपणी मठवासी व्हावयाचे होते. परंतु लॅटिन भाषा येत नसल्याने आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठाने त्याला परत पाठविले होते. मठांनी परत पाठविलेल्या या दोन जिवांचा विवाह दि. १३ जुलै १८५८ रोजी, तेथील प्रथेप्रमाणे मध्यरात्री, आलांसोंच्या नोत्र-दाम चर्चमध्ये झाला. विवाहाच्या दिवशीच झेली आपल्या बहिणीला भेटण्यास मठात गेली आणि तेथे तिला रडू आवरले नाही. मठाची ओढ तिच्या मनातून अद्याप गेलेली नव्हती.

सुरुवातीचे दहा महिने हे दांपत्य भावाबहिणीप्रमाणे राहिले. पुढे एका धर्मगुरूने त्यांना विवाह संस्काराचा पूर्ण अर्थ उलगडून दाखविला आणि त्यांनी आपला मार्ग बदलला. त्यानंतर झेलीने आपल्याला पुष्कळ मुले व्हावीत व ती सर्व देवाची व्हावीत, अशी प्रार्थना सुरू केली. १८६० ते १८७३ या तेरा वर्षांत मारी, पोलिन, लेओनी, एलेन, दोन योसेफ, सेलिन, मेलानी-तेरेजा आणि सर्वांत धाकटी तेरेजा अशी नऊ अपत्ये या घरात जन्मली.

गुरुवारचा दिवस

झेलीचा दिनक्रम तिच्या पत्रांतून आपल्यासमोर उभा राहतो. भावाला, भावजयीला आणि शाळेत असलेल्या मुलींना लिहिलेली तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील बरीचशी रात्री, घर झोपल्यावर, थकल्या हातांनी लिहिलेली आहेत.

दिवसाचा आरंभ पहाटेच्या साडेपाचच्या मिस्साने होई. पतिपत्नी दोघेही जात. त्यानंतर मुलांचे आवरणे, घरकामाची व्यवस्था आणि मग खिडकीजवळील लेसचे काम. दर गुरुवारी कारागीर स्त्रिया आठवडाभर विणलेले तुकडे घेऊन येत. झेली ते तपासून घेई, मजुरी देई, नवीन काम वाटून देई. कोणी आजारी पडली तर रविवारी सायंप्रार्थनेनंतर तिच्या घरी जाऊन विचारपूस करी. नोकरमाणसे केवळ जास्त पगाराने टिकत नाहीत, आपल्यावर मालकिणीची माया आहे हे त्यांना जाणवले पाहिजे, असे तिने आपल्या भावाला कळविले होते. एकदा तिच्या घरची मोलकरीण संधिवाताने अंथरुणास खिळली, तेव्हा झेलीने रात्रंदिवस तिची शुश्रूषा स्वतः केली.

हे चित्र वाचून कोणास वाटेल की तिचे सारे सुरळीत चालले होते. तसे मुळीच नव्हते. मागणी जास्त आली की मुदतीची भीती. मागणी थांबली की कारागिरांच्या पोटाची आणि मुलींच्या शिक्षणाची चिंता. या लेसने आपल्याला गुलाम केले आहे, ती सोडून द्यावी, असे तिला वारंवार वाटे. त्याच वेळी खिडकीशी बसून तुकडे जोडताना आपल्याला जितके सुख होते तितके अन्य कशात होत नाही, हेही ती मोकळेपणाने मान्य करते. काम तिला दमवीत होते आणि काम तिला आवडतही होते. नोकरी करणाऱ्या आमच्या भगिनींना ही दोन्ही वाक्ये परकी वाटणार नाहीत.

येथे पती लुईची भूमिका सांगितली पाहिजे. त्याचे स्वतःचे घड्याळांचे व दागिन्यांचे दुकान चांगले चालले होते. रविवारी दुकान उघडले तर खेड्यांतून येणारे गिऱ्हाईक मिळेल, हे ठाऊक असूनही प्रभूच्या दिवशी त्याने ते कधी उघडले नाही. पत्नीचा व्यवसाय वाढत आहे आणि एकटीला तो भार झेपत नाही, हे पाहून १८७० साली लुईने आपले दुकान पुतण्याला विकले व तो झेलीच्या व्यवसायात मदतीला आला. हिशेब पाहणे, नक्षीची निवड करणे, पॅरिसला जाऊन मागणी आणणे ही कामे त्याने उचलली. पत्नीच्या धंद्यासाठी पतीने स्वतःचा धंदा सोडावा, ही गोष्ट आजही आपल्या समाजात सहजासहजी पचनी पडत नाही. लुईला तीत कमीपणा वाटला नाही. संसाराचे ओझे दोघांनी मिळून उचलावयाचे असते, हे त्याने शब्दांत न सांगता करून दाखविले.

चार लहानग्यांचा वियोग

फेब्रुवारी १८६७ ते ऑक्टोबर १८७० या पावणेचार वर्षांच्या काळात या घराने चार मुले गमावली. पहिला योसेफ पाच महिन्यांचा होऊन गेला. दुसरा योसेफ आठ महिन्यांचा होऊन ऑगस्ट १८६८ मध्ये गेला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी झेलीचे वडीलही निवर्तले. फेब्रुवारी १८७० मध्ये पाच वर्षांची गोड एलेन गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सात आठवड्यांची मेलानी-तेरेजा गेली.

या शेवटच्या मृत्यूची वेदना वेगळी होती. पहिल्या मुलांनंतर झेलीला स्वतःचे दूध पाजता येईनासे झाले होते. त्यामुळे त्या काळच्या रीतीप्रमाणे तान्ह्या मुलांना दूधआईच्या हवाली करावे लागे. मेलानीला ज्या बाईकडे ठेवले, तिने बाळाची हेळसांड केली आणि उपासमारीने ते बाळ खंगत गेले. हे ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. ज्या आईने आपले मूल विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविले आणि तो विश्वास फोल ठरला, तिचे दुःख शब्दांत मांडता येणार नाही.

इतकी मुले जन्मालाच आली नसती तर बरे झाले असते, असे काही लोक तिला म्हणत. हे बोलणे तिला सहन होत नसे. आपली मुले स्वर्गात सुखरूप आहेत आणि आपल्याला ती पुन्हा भेटणार आहेत, या श्रद्धेच्या आधारावर ती उभी राहिली. परंतु ती रडली, खचली, हेही तिच्या पत्रांत आहे. श्रद्धेमुळे तिचे दुःख नाहीसे झाले नाही. त्या दुःखात तिला आधार मिळाला.

याच सुमारास फ्रान्स-प्रशिया युद्ध भडकले. जानेवारी १८७१ मध्ये प्रशियन सैन्य आलांसोंमध्ये शिरले आणि मार्टिन कुटुंबाच्या घरात नऊ सैनिकांना ठेवून घ्यावे लागले. लेसचा व्यापार ठप्प झाला. त्यातूनही तिने व्यवसाय पुन्हा सावरला.

समालेची वाट

दि. २ जानेवारी १८७३ रोजी सर्वांत धाकटी तेरेजा जन्मली. झेलीचे वय तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. दोन महिन्यांतच बाळ मरणाच्या दारात पोहोचले. डॉक्टरांनी सांगितले की आईचे वा दाईचे दूध मिळाले तरच आशा आहे. मेलानीची आठवण ताजी होती. झेलीच्या ओळखीची एक विश्वासू शेतकरी स्त्री होती, रोझ ताये. ती आलांसोंपासून सुमारे आठ किलोमीटर दूर असलेल्या समाले या खेड्यात राहत असे आणि तिचीही मुले लहान होती.

मार्चमधील एका पहाटे झेली एकटीच पायी समालेला निघाली. रोझला घेऊन ती परतली तेव्हा बाळाची अवस्था पाहून रोझने मान हलविली. झेली वरच्या खोलीत गेली, संत योसेफाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून तिने बाळासाठी विनवणी केली आणि देवाची इच्छा असेल तर त्याला नेण्यासही संमती दिली. खाली आली तो बाळ दूध पीत होते. थोड्या वेळाने ते निपचित पडले. सर्वांना वाटले की संपले. मग त्याने डोळे उघडले आणि ते हसले.

त्यानंतर तेरेजा वर्षभराहून अधिक काळ समालेला रोझकडे वाढली. ती दूधआईला इतकी लळावली की आलांसोंला आणले की आईकडे राहीना. एकदा ती रडून थांबेना म्हणून मोलकरणीने तिला बाजारात नेले. तेथे रोझ लोणी विकीत बसली होती. तिला पाहताच बाळ शांत झाले. आपल्या कुशीत न राहता आपले मूल दुसरीकडे झेपावते, हे पाहणाऱ्या आईला काय वाटले असेल? झेलीने रोझचा हेवा केला नाही. ज्या हातांनी मूल वाचविले, त्या हातांविषयी तिला कृतज्ञताच वाटली. मुलांना आजीकडे किंवा शेजारच्या मावशींकडे ठेवून कामावर जाणाऱ्या मातांनी हा प्रसंग मनात जपून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

लेओनीचे दुःख

संतांच्या चरित्रांत घरातील अपयश सहसा सांगितले जात नाही. झेलीच्या चरित्रात मात्र ते टाळता येत नाही. तिची तिसरी मुलगी लेओनी लहानपणी सतत आजारी असे. पुढे ती हट्टी, अभ्यासात मागे आणि कोणाचे न ऐकणारी झाली. ल माँ येथील मावशीच्या मठशाळेत तिला घातले. परंतु तेथूनही तिला परत पाठविण्यात आले. झेलीने समजावून पाहिले, रागावून पाहिले, प्रार्थना केल्या. या मुलीचे पुढे काय होणार, ही काळजी तिचे काळीज पोखरीत होती.

१८७७ सालच्या प्रारंभी तिची थोरली बहीण, मठातील सिस्टर मारी-दोसिते, मरणासन्न होती. स्वर्गात पोहोचताच लेओनीसाठी मध्यस्थी कर, असे झेलीने तिला विनविले. त्या फेब्रुवारीत बहीण देवाघरी गेली. पुढच्या काही आठवड्यांतच थोरली मुलगी मारी हिच्या लक्षात एक गोष्ट आली : घरची मोलकरीण लेओनीला कित्येक दिवसांपासून धाकात ठेवीत होती, आईचे ऐकू नये म्हणून दरडावीत होती, मारहाण करीत होती. मुलगी भीतीने गप्प होती.

हे सारे झेलीच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत घडत होते आणि तिला ते दिसले नव्हते. जिची शुश्रूषा तिने रात्र रात्र जागून केली होती, त्याच बाईने हे केले होते. लेसच्या टेबलाशी वाकलेली असताना मागच्या खोलीत आपल्या लेकराचे काय होत होते, हे कळल्यावर त्या मातेच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना प्रत्येक आई करू शकेल. तोवर ती स्वतः असाध्य रोगाने ग्रासलेली होती. हाती फार दिवस उरले नव्हते.

उरलेले दिवस तिने दोषारोपात घालविले नाहीत. तिने लेओनीला जवळ घेतले. मुलीला ती सतत आपल्यासोबत ठेवू लागली, तिच्याशी मायेने बोलू लागली, तिच्यासोबत प्रार्थना करू लागली. इतकी वर्षे कोणालाही न जुमानणारी ती मुलगी आईला क्षणभरही सोडीना. बहिणीच्या मध्यस्थीचे हे फळ आहे, असे झेलीने मानले. त्या काही महिन्यांत आईने लेकीच्या हृदयात जे पेरले, ते उगवण्यास वेळ लागला. लेओनी मठात गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा परतली. अखेरीस १८९९ साली काँ शहरातील व्हिजिटेशन मठात ती कायमची स्थिरावली आणि १९४१ साली तेथेच देवाघरी गेली. २०१५ साली तिच्याही संतपदासाठीच्या प्रक्रियेचा आरंभ झाला. घरातील सर्वांत अवघड मुलगी आज ईश्वरसेविका म्हणून ओळखली जाते.

अखेरचे दिवस

झेलीच्या छातीत फार वर्षांपासून एक गाठ होती. १८६५ सालीच तिने तिच्याविषयी भावाला लिहिले होते. परंतु बाळंतपणे, मृत्यू, युद्ध आणि काम यांच्या धबडग्यात तो विषय मागे पडला. डिसेंबर १८७६ मध्ये ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा कर्करोगाचे निदान झाले आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आपल्या दुखण्याकडे सर्वांत शेवटी पाहणे, ही मातांची जुनी सवय. तिचे मोल झेलीने जिवाने चुकविले. आमच्या वाचक भगिनींनी या बाबतीत मात्र तिचे अनुकरण करू नये, असे आम्ही कळकळीने सांगू इच्छितो. शरीराची वेळीच तपासणी करून घेणे हेही देवाने दिलेल्या जीवनाचा मान राखणेच आहे.

जून १८७७ मध्ये मारी, पोलिन आणि लेओनी या तिघींना घेऊन ती लुर्डच्या यात्रेस गेली. प्रवास खडतर झाला. तेथील पवित्र पाण्यात तिने चार वेळा स्नान केले. चमत्कार झाला नाही. मुली हिरमुसल्या, आईनेच त्यांची समजूत घातली. आजारपणातही लेसची हाती घेतलेली कामे पुरी करण्याची तिची धडपड चालू होती. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी, पावलोपावली वेदना होत असताना, ती मिस्साला गेली.

दि. २६ ऑगस्ट रोजी तिला अंतिम अभ्यंग देण्यात आला आणि दि. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने, तिने देह ठेवला. वय पंचेचाळीस वर्षे. मागे पती आणि पाच मुली होत्या. थोरली मारी सतरा वर्षांची, तर धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती.

वेदीचा सन्मान

पत्नीच्या मृत्यूनंतर लुई पाचही मुलींना घेऊन नोव्हेंबर १८७७ मध्ये लिझ्यू येथे, झेलीच्या भावाच्या आधाराने राहावयास गेला. पोलिन १८८२ साली, मारी १८८६ साली, तेरेजा १८८८ साली आणि पित्याच्या मृत्यूनंतर सेलिन १८९४ साली लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. तेरेजा १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, मरण पावली. १९२५ साली ती संत झाली, १९२७ साली मिशनकार्याची आश्रयदाती झाली आणि १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची पंडिता ही पदवी मिळाली.

आईवडिलांची पाळी त्यानंतर आली. दि. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे लुई व झेली ह्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि २०१५ साली, रोममध्ये कुटुंब या विषयावर बिशपांची सिनड भरलेली असताना, त्यांना संत घोषित करण्यात आले. रक्तसाक्षी नसलेल्या पतिपत्नीला जोडीने संतपद मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. दि. १२ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन. लिझ्यूच्या बासिलिकेत त्यांचे पवित्र अवशेष ठेवण्यात आले आहेत.

पुष्कळांचा असा समज असतो की, संत तेरेजेची आई म्हणून झेलीला हा मान मिळाला. हा समज अपुरा आहे. ख्रिस्तसभेने तिचे स्वतःचे जीवन तपासले. त्यात मठातील शांतता आढळली नाही. आढळल्या त्या कारागिरांच्या मजुरीच्या नोंदी, मुदतीच्या चिंता, रात्री लिहिलेली पत्रे, रडणारी मुले, हातून निसटलेल्या गोष्टी आणि या सर्वांमधून रोज पहाटे देवाकडे चालत गेलेली एक थकलेली स्त्री. काम आणि संसार यांचा मेळ तिला कधीही पूर्णपणे घालता आला नाही. तो न जमल्याचे दुःख तिने देवापासून लपविले नाही आणि त्या दुःखापायी ना काम टाकले, ना प्रार्थना सोडली. मन दोन ठिकाणी वाटले जाणे हा दोष असता, तर ही माता आज वेदीवर नसती.

लेसचे तुकडे वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या हातांनी विणले जात. सांधणारी सुई झेलीच्या हाती असे. आपल्याही दिवसाचे असेच तुकडे झालेले असतात : थोडा स्वयंपाकघरात, थोडा कचेरीत, थोडा मुलांच्या अभ्यासात, थोडा आजारी सासूबाईंच्या उशाशी. ते जोडून देणारा हात प्रभूचा आहे, हा विश्वास झेलीने जपला. येत्या १२ जुलैला आपल्या धर्मग्रामातील सर्व कष्टकरी मातांसाठी, आणि त्यांचे ओझे वाटून घेण्याची सुबुद्धी त्यांच्या पतींना लाभावी यासाठी, आपण सर्वांनी मिळून प्रार्थना करू या.

संत झेली व संत लुई, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा.